मरून शर्टवाला भाऊ: कपड्याचा रंग पाहून आपण माणसाबद्दल काय काय ठरवून टाकतो

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. नागपुरात बर्डीवरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मी बायकोची वाट बघत शर्टांच्या रॅकपाशी उभा होतो. एक काका आले, हातातला शर्ट माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "भाऊ, यात ४० नंबर हाय का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. याला कामावर कोणी ठेवलं, अशा नजरेनं माझ्याकडे बघून ते पुढे गेले. पाच मिनिटांनी एक ताई: "ट्रायल रूम कुठं आहे?" तेव्हा कुठे माझं लक्ष काउंटरकडे गेलं. दुकानातली सगळी पोरं मरून टी-शर्टात होती, आणि मी नेमका मरून शर्ट घालून आलो होतो.

माझा शर्ट कॉलरचा होता, खिशावर दुकानाचं नाव नव्हतं, गळ्यात ओळखपत्र नव्हतं आणि वय त्या पोरांच्या दुप्पट. यातलं काहीच काकांना दिसलं नाही. त्यांना रंग दिसला, तेवढ्यावर भागलं.

रंग ही डोळ्यांना सगळ्यांत स्वस्तात मिळणारी माहिती आहे. कॉटन मार्केटात हिरव्या मिरच्यांच्या ढिगात एखादी लाल मिरची असली तर ती शोधावी लागत नाही, आपोआप दिसते. एखादी हिरवीच पण जरा वाकडी मिरची शोधायची म्हटलं तर ढीग उपसावा लागेल. गर्दीतल्या माणसांचंही तेच. पन्नास पावलांवरून चेहरा ओळखू येत नाही, शर्टावरची अक्षरं वाचता येत नाहीत. रंग मात्र कळतो. उरलेला माणूस मग मेंदू स्वतःच्या साठ्यातून भरून काढतो: हा रंग याआधी कुठे, कुणाच्या अंगावर पाहिला होता? या दुकानात मरून म्हणजे दुकानातला माणूस. झाला हिशेब.

हा हिशेब किती पटकन होतो, तेही मोजून झालं आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या फक्त दहाव्या भागाएवढे दाखवले. तेवढ्यात लोकांनी हा भरवशाचा, हा हुशार, असं ठरवूनही टाकलं. जास्त वेळ दिला तेव्हा मतं फारशी बदलली नाहीत, त्या मतांबद्दलची खात्री तेवढी वाढली. तिथल्याच संशोधकांनी २०२० साली आणखी एक अभ्यास छापला. त्यात तेच चेहरे कधी जरा बऱ्या, कधी जरा साध्या कपड्यांसोबत दाखवले होते. कपड्यांकडे दुर्लक्ष करा, फक्त चेहरा पाहून सांगा, असं बजावलं तरी बऱ्या कपड्यांतला चेहरा लोकांना जास्त कर्तबगार वाटला. तोही १२९ मिलिसेकंदांच्या झलकेत. हा अभ्यास एकट्या रंगाचा नव्हता, एकूण कपड्यांचा होता. पण अंगावरचं कापड चेहऱ्यावर अर्थ चढवतं आणि ते थांबवणं आपल्या हातात फारसं नसतं, एवढं त्यातून कळतं.

आता काळा कोट घ्या. सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आवारात काळा कोट दिसला की आपण म्हणतो, वकीलसाहेब. तोच कोट नागपूर स्टेशनच्या फलाटावर दिसला की हात आधी खिशातल्या तिकिटाकडे जातो. कोट तोच, रंग तोच, आपला अंदाज मात्र दोन किलोमीटरांत बदलला. (वकिलांच्या कोटाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून बाकी कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. तरीही मे महिन्यात जिल्हा कोर्टात तो घालून घाम पुसणारे वकील मी पाहिले आहेत. पक्षकाराला कोटाशिवाय वकील वकील वाटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.)

म्हणूनच फोनवर फिरणाऱ्या त्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. लाल म्हणजे जोश, निळा म्हणजे भरवसा, मुलाखतीला आकाशी शर्ट घालून जा म्हणजे नोकरी पक्की. या तक्त्यांमागे थोडंफार संशोधन आहे, नाही असं नाही. पण त्याची पुढची गोष्ट तक्त्यात येत नाही. २००८ साली एक अभ्यास गाजला: लाल रंगासोबत पाहिलेली स्त्री पुरुषांना जास्त आकर्षक वाटते. नंतर इतरांनी जास्त माणसं घेऊन तेच करून पाहिलं, तर परिणाम सापडेना. २०१२ साली दुसरा गाजला: पांढरा कोट 'डॉक्टरचा' म्हणून अंगावर घातला तर लक्ष जास्त लागतं, तोच कोट 'रंगाऱ्याचा' म्हणून घातला तर लागत नाही. २०१९ साली त्याचा एक भाग मोठ्या संख्येवर पुन्हा तपासला, तेव्हा तोही उभा राहिला नाही. सुट्ट्या रंगाचा सुट्टा अर्थ काढायला गेलं की हाती फार काही लागत नाही. जिथे रंग एखाद्या गटाची खूण झालेला असतो, तिथे मात्र तो जबरदस्त चालतो. त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, दसऱ्याला नागपुरात यावं.

दसऱ्याच्या दिवशी हे शहर रंगांवरून वाचता येतं. सकाळी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो: पांढरा शर्ट, काळी टोपी, तपकिरी फुलपँट. काही किलोमीटरांवर दीक्षाभूमीकडे जाणारे सगळे रस्ते पांढऱ्या आणि निळ्या रंगाने भरलेले असतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा माणसं शुभ्र कपड्यांत आली होती. आजही खेड्यापाड्यांतून रेल्वेने, ट्रॅव्हल्सने येणाऱ्या आयाबाया पांढऱ्या साड्यांत असतात. निळा रंग त्याआधीपासूनचा. १९४२ साली नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तिचा झेंडा निळा होता. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, तरी डोळे मिटून त्यांना आठवा म्हटलं तर आपल्याला निळाच कोट दिसतो. चौकाचौकातल्या पुतळ्यांनी तो आपल्या डोळ्यांत रंगवून ठेवला आहे.

त्या दिवशी कुणी निळं उपरणं घातलं असेल तर त्याचं गाव, त्याची जात, त्याचं मत, त्याचा देव असे चार अंदाज बघणाऱ्याच्या मनात एका दमात होतात. यातला एखादा बरोबर निघतो, कधी चारही. पण नेहमीच्या मंगळवारी एखादा मुलगा निळा टी-शर्ट घालून दिसला, तर तो फक्त क्रिकेटचा चाहता असू शकतो, किंवा त्याचे बाकीचे कपडे धुवायला टाकलेले असू शकतात. खूण आणि आवड यांतला फरक लांबून कळत नाही, आणि नागपूरसारख्या शहरात, जिथे भगवा, निळा, हिरवा या तिन्ही रंगांना पत्ते आहेत, तिथे चूक होणं फार सोपं आहे. ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर, चढवायची हिरवी चादर घेऊन निघालेला माणूस कुठल्याही धर्माचा असू शकतो, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. तोच माणूस तीच चादर घेऊन दुसऱ्या शहरातल्या बसमध्ये बसला तर लोक काय ठरवतील, सांगता येत नाही.

खूण बदलली तरी अंदाज मागे रेंगाळतात, हेही इथेच दिसतं. संघाने खाकी हाफपँट सोडून तपकिरी फुलपँट घेतली त्याला २०१६ च्या दसऱ्यापासून बरीच वर्षं झाली. तरी बोलताना टिंगल करणारे आणि अभिमानाने सांगणारे, दोघांच्याही तोंडी अजून खाकीच असते.

खाकीची स्वतःची कथा तर उलटीच आहे. फारसी 'खाक' म्हणजे धूळ. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या इंग्रजी पलटणीने हा मातकट रंग घेतला, तो शत्रूला दिसू नये म्हणून. आज पोलिसांच्या अंगावरची तीच खाकी लांबून दिसावी आणि दिसताच रांग सरळ व्हावी, अशी झाली आहे. रंगाच्या पोटात अर्थ असता, तर पावणेदोनशे वर्षांत तो असा फिरला नसता.

मराठी घरात तर याचे दाखले हातभर सापडतील. काळा अशुभ म्हणून बारशाला, लग्नाला नेसू देत नाहीत. संक्रांतीला मात्र काळी चंद्रकळाच हवी, आणि नव्या सुनेला हलव्याच्या दागिन्यांसह काळ्याच साडीत बसवतात. मंगळसूत्राचे मणी काळे असतात, हे कुणाला खटकतही नाही. लाल म्हणजे सौभाग्य असं आपण बेधडक म्हणतो, पण आपल्याच ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला नेसायला मिळायचं ते आलवण तांबडं असे. ज्या रंगाच्या कुंकवाने सौभाग्य दाखवायचं, त्याच रंगाच्या लुगड्याने ते संपल्याचं दाखवायचं. विसेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मराठी दैनिकाने नवरात्रात रोज एका रंगाची साडी नेसायची टूम काढली, आणि आज नवरात्रात ऑफिसात ठरलेल्या रंगात न आलेल्या बाईला "काय गं, विसरलीस?" असं विचारलं जातं. विसरायला ती परंपरा नव्हती, पण अंदाज तयार झाला.

आणि मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत आणि पिवळी मारबत निघतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची. काळी म्हणजे वाईट शक्ती, पिवळी म्हणजे रक्षण करणारी, असं लहानपणी आम्हाला सांगत. "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत आम्ही मागे धावायचो. दोघींचीही मिरवणूक, दोघींचंही शेवटी दहन. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांना विचारलं होतं, पिवळी चांगली आहे तर तिलाही काऊन जाळता? ते म्हणाले, "बाप्पा, रस्त्यात नको इचारू, चाल."

आता थोडं पांढऱ्याकडे, कारण माणसाची पायरी ठरवण्यात सगळ्यांत मोठा हात त्याचा आहे. मराठीत 'पांढरपेशा' हा शब्द आहे. मातीत, तेलात, रंगात हात घालावे न लागणारा, म्हणून कपडे पांढरे ठेवू शकणारा तो पांढरपेशा. पांढऱ्या शर्टाला नीळ लागते, इस्त्री लागते, आणि तो मळणार नाही असं काम लागतं. इथल्या एम्प्रेस मिलमध्ये, १८७७ पासून, पिढ्यान्‌पिढ्या कामगार कापूस आणि सूत उडत असलेल्या खात्यांत राबले. त्यांनी तयार केलेलं पांढरं कापड पांढरं राखणं मात्र दुसऱ्यांनाच परवडे. पुढारी आजही कडक पांढऱ्या खादीत येतो, तेव्हा इथून दीडेक तासाच्या अंतरावरच्या सेवाग्रामचा साधेपणा अंगावर असल्यासारखा वाटतो. दिवसातून तीन वेळा बदललेल्या त्या झब्ब्याचा धोब्याचा खर्च कोणी मोजत नाही.

याचं दुसरं टोक म्हणजे 'भडक'. पोपटी, राणी, केशरी साडी पाहून हा शब्द ज्या सुरात निघतो, तो रंगाबद्दल कमी आणि नेसणारीबद्दल जास्त असतो. यामागे रसायनशास्त्राचा एक तुकडा आहे. १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला मलेरियाचं औषध बनवताना अपघाताने जांभळा रंग सापडला. तो पहिला कृत्रिम रंग म्हणून गाजला. त्याआधी गडद, टिकाऊ रंग महाग असत. झाडांतून, किड्यांतून, शिंपल्यांतून काढावे लागत. म्हणून झगझगीत कपडा म्हणजे श्रीमंती. कारखान्यांनी तेच रंग मातीमोल केले तसे ते सगळ्यांच्या अंगावर आले, आणि पैसेवाल्यांची आवड हळूहळू फिक्याकडे सरकली. आज गांधीबागेतला दुकानदार गिऱ्हाईक पाहून गठ्ठा काढतो: एकीपुढे "ताई, सोबर दाखवतो" आणि दुसरीपुढे न विचारता झगमग. त्यात सावळ्या रंगाचा हिशेब मिसळतो तो वेगळाच. "तुला पिवळा शोभत नाही" हे वाक्य किती मुलींनी आपल्याच मावशीकडून ऐकलं असेल.

इथपर्यंत अंदाज चुकला तर फार तर एक साडी चुकते. अंदाज करणाऱ्याच्या हातात शिट्टी, शिक्का किंवा फाटकाची किल्ली असली की प्रकरण बदलतं.

अमेरिकेत फ्रँक आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली अमेरिकन फुटबॉल आणि बर्फावरच्या हॉकीच्या संघांच्या सतरा हंगामांतल्या शिक्षा तपासल्या. काळा गणवेश असलेले संघ शिक्षेच्या यादीत वरच्या बाजूला होते. असेल, काळा गणवेश घेणारे संघच दांडगे असतील, असं कुणीही म्हणेल. पण पिट्सबर्गच्या हॉकी संघाने १९७९-८० च्या हंगामात मध्येच निळा सोडून काळा घेतला. खेळाडू तेच, हंगाम तोच. सामन्यामागे सरासरी ८ मिनिटांची शिक्षा १२ मिनिटांवर गेली. मग त्यांनी एकच झटापट दोनदा चित्रित केली, एकदा पांढऱ्या, एकदा काळ्या गणवेशात, आणि पंचांना दाखवली. काळ्यातली त्यांना जास्त आक्रमक वाटली. शिवाय विद्यार्थ्यांना काळे शर्ट घालायला देऊन खेळ निवडायला सांगितलं, तर त्यांनी जास्त मारामारीचे खेळ निवडले. म्हणजे नजर बदलते आणि थोडा माणूसही बदलतो. दोन्ही मिळून यादीत नाव वर जातं. यावरही नंतर वाद झालाच. २०११ च्या एका अभ्यासात हॉकीत असा परिणाम दिसला नाही, २०१२ च्या दुसऱ्या, मोठ्या अभ्यासात पुन्हा दिसला.

मला जास्त पटतो तो तायक्वांदोचा प्रयोग. २००८ साली जर्मन संशोधकांनी ४२ अनुभवी पंचांना लढतींचे तुकडे दाखवले, एक खेळाडू लाल, एक निळा. मग संगणकावर फक्त रंगांची अदलाबदल करून तेच तुकडे पुन्हा दाखवले. लालला सरासरी १३ टक्के जास्त गुण मिळाले, आणि रंग बदलला तसे गुणही बदलले. पंच लबाड नव्हते, त्यांचे डोळे त्यांच्या आधी गुण देत होते. पुढे २०१२ च्या ऑलिम्पिकपासून तायक्वांदोत चिलखतातच विजेचे सेन्सर आले; निदान धडावरच्या लाथांचा हिशेब तरी डोळ्यांकडून काढून घेतला गेला.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर सेन्सर नाही. माझा भाचा इंजिनिअरिंग करताकरता संध्याकाळी घरपोच जेवण पोचवायचं काम करतो. कंपनीचा रंगीत टी-शर्ट घालून आला की वॉचमन त्याला मागच्या लिफ्टकडे पाठवतो, रजिस्टरमध्ये सही घेतो. रविवारी तोच पोरगा करड्या शर्टात आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याच वॉचमनने उठून फाटक उघडलं. भाच्याने त्याला विचारलं, "काका, ओळखलं का?" वॉचमन म्हणाला, "नाही साहेब, पहिल्यांदाच आले का?" गेल्या आठवड्यात तो सहा वेळा आला होता. वॉचमनला दोष देऊन उपयोग नाही. त्याला तसंच शिकवलं आहे, आणि शिकवणाऱ्यांच्या बैठकीत मीही बसतो. त्या महिन्याच्या बैठकीत मी विषय काढला की सगळ्यांची सही एकाच रजिस्टरमध्ये घ्या, पाहुण्यांचीही. "पाहुण्यांना कसं वाटेल?" असं विचारून तो पुढच्या महिन्यावर ढकलला.

उन्हाळ्यात आमच्याकडे रंगाचा आणखी एक अंदाज पक्का असतो: काळं घालून बाहेर पडला तो मेला. १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक निबंध आला, वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात यावर. मोजल्यावर निघालं की काळा झगा ऊन जास्त शोषतो खरा, पण झगा सैल असल्याने ती जादाची उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच वाऱ्यावर जाते. आतल्या माणसाला काळ्या आणि पांढऱ्यात सारखीच उष्णता लागते. घट्ट काळी जीन्स घालून नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, बाहेर पडणाऱ्याला याचा फायदा नाही, हे आलंच.

नवतप्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात चेहरे दिसेनासे होतात. बाया दुपट्ट्याने, माणसं गमछ्याने तोंड बांधतात, वर गॉगल. सिग्नलला चाळीस गाड्या उभ्या आणि चेहरा एकही नाही. माणूस ओळखायला उरतो तो फक्त रंग. मागच्या मे महिन्यात व्हेरायटी चौकात लाल दुपट्टावाली एक बाई स्कूटी आडवी घालून उभी होती. मी दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा जरा रागाने. तिने मान वळवली.

"अहो, मीच आहे. माझा पांढरा वाळत होता, ताईचा लाल बांधला."